‘मान्य आहे, पण…’ यातला ‘पण’ एका वर्षाचा

प्रश्न : धाकटा भाऊ पैलवान आहे, वय 21. जानेवारीत राष्ट्रीय स्पर्धेत त्याचा लघवीचा नमुना घेतला, त्यात स्टॅनोझोलॉल हे बंदी असलेलं स्टेरॉइड निघालं. 9 मार्चला नाडाचं (राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेचं) पत्र आलं, तात्पुरती बंदी. वस्ताद म्हणाले, बघू. आता दुसरं पत्र आलंय, त्यात आरोप आणि चार वर्षं असं लिहिलंय. ते 28 एप्रिललाच वस्तादांच्या मेलवर आलं होतं, आमच्या हातात 7 मेला पडलं. थंडाईत कुणीतरी काहीतरी घातलं असावं, किंवा प्रोटीनचा डबा भेसळीचा असावा. डिसेंबरात गुडघ्यासाठी एका जिमवाल्याकडून तीन इंजेक्शनं घेतली होती, त्यात काय होतं ठाऊक नाही. पृथ्वी शॉला आठच महिने, मग याला चार वर्षं का? नवा कडक कायदा येतोय म्हणतात, भावाला अटक होईल का? कोल्हापूरच्या बेंचमधून स्थगिती मिळेल का? ओळखीचे डॉक्टर मागच्या तारखेची चिठ्ठी द्यायला तयार आहेत.
– एक प्राथमिक शिक्षक, वाळवा तालुका

गुरुजी, तुमचं पत्र 9 तारखेचं, आज 11 मे. उत्तर तुम्हाला सकाळीच मेलवर पाठवलंय. इथे तुमचं लांब पत्र कापून छापतोय ते बाकीच्यांसाठी, कारण अशी पत्रं दर हंगामात येतात आणि सगळी उशिरा येतात.

अटक होणार नाही. 2022 चा राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक कायदा आणि त्यातली 2025 ची दुरुस्ती, दोन्हीत नमुना दोषी निघाला म्हणून खेळाडूला तुरुंग नाही. जर्मनीत 2015 पासून खेळाडूलाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, इटलीत 2000 पासून डोपिंग गुन्हा आहे. अमेरिकेने 2020 साली केलेल्या कायद्यात पुरवठा करणाऱ्या टोळीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली आणि खेळाडूला त्यातून मुद्दाम वगळलं. आपल्याकडे चर्चा चालू आहे आणि ती चालणारच. 2024 मध्ये भारतात 7,113 नमुने तपासले, 260 दोषी निघाले, आणि 2030 चे राष्ट्रकुल खेळ अहमदाबादला आहेत. माझं मत विचाराल तर अमेरिकेची वाट बरी. पोराला आत टाकून काय मिळवणार? इंजेक्शन विकणारा सिमकार्ड बदलतो आणि पुढच्या तालमीत जातो. पण हा वाद संसदेत होईल तेव्हा होईल. न झालेल्या कायद्याला तुम्ही घाबरताय आणि हातातल्या कागदावरची तारीख वाचत नाही आहात.

ती तारीख 18 मे. पुढचा सोमवार.

नाडाच्या नियमांत कलम 10.8.1 आहे, जागतिक उत्तेजकविरोधी संहितेतही त्याचा हाच क्रमांक. चार किंवा त्याहून जास्त वर्षांची बंदी मागणारं आरोपपत्र मिळाल्यापासून 20 दिवसांत खेळाडूने दोन गोष्टी केल्या तर मागितलेल्या बंदीतून एक वर्ष कमी होऊ शकतं. एक, उल्लंघन मान्य करायचं. दोन, मागितलेली मुदतही मान्य करायची. दोन्ही एकाच कागदावर, विनाअट. माझ्या पाहण्यात लोक पहिलं करतात आणि दुसऱ्यापाशी अडखळतात. ‘चूक मान्य आहे, पण चार वर्षं फार होतात, दोनच करावीत.’ झालं, कलम गेलं. मुदतीशी भांडायचं असेल तर भांडा, तो तुमचा हक्क आहे, पण मग हे एक वर्ष मिळत नाही. आणि हे वर्ष घेतलं की दुसऱ्या कुठल्याही कलमाखाली आणखी कपात मागता येत नाही. एकविसाव्या दिवशी मान्य केलंत तर नियम तुमच्यासाठी थांबलेला नसेल. काहीच कळवलं नाहीत तर सुनावणीचा हक्क सोडला आणि आरोप व शिक्षा दोन्ही कबूल केल्या, असं धरायला नाडा मोकळी. म्हणजे गप्प बसणाऱ्याला चार आणि बोलणाऱ्याला तीन.

28 एप्रिलपासूनचे 20 दिवस 18 मेला भरतात. ‘आम्हाला पत्र 7 मेला मिळालं, तिथून मोजा,’ असं तुम्ही म्हणणार. म्हणून बघा, मी म्हणू देईन. पण त्यावर विसंबू नका. नमुना देताना जो फॉर्म भरला त्यात मेलचा रकाना असतो. भावाच्या फॉर्मवर तिथे वस्तादांचा पत्ता आहे, अक्षरही वस्तादांचं, आणि खाली सही भावाची. 21 वर्षांचा मुलगा, हातात स्मार्टफोन, गदेचे फोटो मिनिटाला टाकतो, आणि आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र ज्या खोक्यात पडणार ते खोकं दुसऱ्याचं. असे फॉर्म मी इतके पाहिलेत की आता आधी तो रकाना बघतो आणि मग पदार्थाचं नाव.

आता लढायचं की मान्य करायचं? तुम्ही तीन गोष्टी सांगताय : थंडाई, प्रोटीनचा डबा आणि इंजेक्शन. कुस्तीत एका झटापटीत तीन डाव सुचतात, सुनावणीत एकच टाकता येतो. त्यातल्या इंजेक्शनाला तारीख आहे, माणूस आहे, आणि तुम्ही जोडलेला फोटोही आहे. बोटभर उंचीची कुपी, लेबल अर्धं खरवडलेलं, बॅच क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे तेवढे दिसतात, मागे तालमीच्या खिडकीची जाळी. हा फोटो जिमवाल्याच्या संदेशासकट भावाच्या फोनवर आहे. हे हातात असताना थंडाईची गोष्ट सांगायला जाऊ नका.

थंडाईची गोष्ट आपल्याकडच्याच एका मोठ्या पैलवानाने सांगून पाहिली आहे. नरसिंग यादव, सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी. 2016 ला रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर 25 जून आणि 5 जुलैच्या नमुन्यांत मेथँडिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. खाण्यापिण्यात कुणी मिसळलं, असं त्याचं म्हणणं. पोलिसांत तक्रार दिली होती. नाडाच्या समितीने 1 ऑगस्टला त्याला निर्दोष सोडलंही. वाडा, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, क्रीडा लवादात गेली, आणि 18 ऑगस्टला, कुस्ती दुसऱ्या दिवशी असताना, चार वर्षांची बंदी लागली. लवादापुढे तज्ज्ञाने सांगितलं की शरीरातलं प्रमाण पेयात मिसळलेल्या भुकटीशी नव्हे, गोळीशी जुळतं. पुराव्याचं ओझं खेळाडूवर असतं, आणि ‘असावं’ या शब्दाने ते हलत नाही. नरसिंगच्या मागे महासंघ होता, सहानुभूती होती, सगळा देश बघत होता. तुमच्या भावाच्या मागे काय आहे, तर वस्तादांचं ‘बघू’.

प्रोटीनच्या डब्याचा मार्ग मात्र खोटा नाही. लेबलवर नसलेला पदार्थ डब्यात होता हे सिद्ध झालं तर शिक्षा नुसत्या ताकिदीपासून दोन वर्षांपर्यंत, इतकी खाली येते. पण त्याला बिल लागतं आणि त्याच बॅचचा सीलबंद डबा तपासायला लागतो. तुमचा डबा जानेवारीतच संपला, आणि आता त्यात वहिनींनी तीळ भरलेत, असं तुम्हीच लिहिलंय. बी नमुना, म्हणजे त्याच लघवीची राखून ठेवलेली दुसरी बाटली, तपासून घेण्याची मुदत पहिल्या पत्रात होती, तीही ‘बघू’मध्ये गेली.

उरला प्रश्न हेतूचा. स्टॅनोझोलॉल हे ॲनाबोलिक स्टेरॉइड, नियमांच्या भाषेत नॉन-स्पेसिफाइड, म्हणजे दुसऱ्या कारणासाठी घेतलं असेल असं सहसा न मानलं जाणारं. इथे सुरुवातच चार वर्षांपासून होते, आणि हेतू नव्हता हे खेळाडूने दाखवलं तर दोन. ‘मला माहीत नव्हतं’ एवढ्याने हेतू नव्हता हे सिद्ध होत नाही. धोका दिसत असूनही डोळे मिटून पुढे जाणं, हेही हेतूतच धरतात. डॉक्टर नसलेल्या माणसाकडून, नाव खरवडलेल्या कुपीतून, एकदा नव्हे तीनदा. राष्ट्रीय पातळीवरच्या पैलवानाला यात धोका दिसला नाही, असं समितीला पटवायला मी उभा राहीन, फीही घेईन, पण शक्यता चांगली आहे असं सांगणार नाही.

पृथ्वी शॉचं उत्तर याच जागी आहे. 2019 ला त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन होतं. ते खोकल्याच्या औषधांत असतं, स्पेसिफाइड गटात मोडतं, तिथे मोजणीची सुरुवातच खालून होते. त्याने लगेच कबूल केलं, खुलासा पटला, क्रिकेट मंडळाने आठ महिने दिले. ‘त्याला एवढं, याला तेवढं’ ही तुलना करण्याआधी पत्रातलं पदार्थाचं नाव वाचत जा.

तेव्हा माझा सल्ला : मान्य करा, मुदतीसकट. तात्पुरत्या बंदीचे दिवस धरले तर तीन वर्षं मार्च 2029 ला संपतील आणि चार मार्च 2030 ला. भाऊ 24 व्या वर्षी सुटला तर एक पूर्ण हंगाम खेळून अहमदाबादच्या निवड चाचणीला उभा राहू शकतो. 25 व्या वर्षी सुटला तर त्याच हंगामात थेट, मॅटची सवय मोडलेली असताना. माझ्या लेखी सगळा हिशेब इथे संपतो.

मागच्या तारखेची चिठ्ठी. गुरुजी, तुम्ही मुलांना सही खरी की खोटी ते शिकवता ना? ती चिठ्ठी दाखल केलीत तर तो चौकशीत फेरफार केल्याचा वेगळा आरोप होतो. त्याची शिक्षा वेगळी मोजतात, आणि ती पहिलीच्या पोटात जात नाही, पहिली संपल्यावर सुरू होते. डॉक्टरांचाही परवाना जाईल तो जाईल. ती चिठ्ठी घेऊच नका. डॉक्टरांना फोनही करू नका, फोनच्या नोंदी राहतात.

कोल्हापूरला ऑगस्ट 2025 पासून बेंच आहे, मुंबईची रात्रीची गाडी वाचली, हे खरंच चांगलं झालं. पण उच्च न्यायालय आधी विचारेल : कायद्यात शिस्तभंग समिती आहे, अपील समिती आहे, तिथे का गेला नाहीत? त्यात मे महिना, उन्हाळी सुट्टी, सुट्टीतल्या न्यायमूर्तींसमोर तातडी पटवायची. समजा पटली, नोटीस निघाली, पुढची तारीख जूनमध्ये पडली. माझ्याकडे अशा ‘पुढच्या तारखा’ असलेल्या फायली कपाटाबाहेर आल्यात. 18 मे मात्र 18 मेलाच येणार, तुमची याचिका पडून आहे म्हणून ते 20 दिवस थांबत नाहीत.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण फोटो मीच पाहिला. चैत्रातल्या जत्रेत भाऊ लढला, खांद्यावर चांदीची गदा, गुलाल, मागे पंच. तात्पुरती बंदी 9 मार्चपासून होती! ते मैदान मान्यताप्राप्त संघटनेच्या छत्राखाली होतं की नुसतं गावकीचं, यावर बरंच अवलंबून आहे. संघटनेचं असेल तर आतापर्यंत भोगलेले दिवस हिशेबात धरणार नाहीत, आणि मी वर मांडलेला मार्च 2029 पुढे सरकेल. फोटो काढून टाकू नका, पुरावा नष्ट केल्यासारखं दिसतं. जत्रा कमिटीचं पत्रक शोधा आणि त्यावर कुणाची मान्यता छापली आहे ते मला कळवा. इथून पुढे जत्रेचं मैदानही बंद. अंतिम बंदी लागल्यावर असं लढला, तर मूळ बंदीएवढी नवी बंदी शेवटी जोडली जाते.

जिमवाल्याचं काय? परवान्याशिवाय औषध विकणं 1940 च्या औषध कायद्याने आजही गुन्हा आहे, त्यासाठी नव्या कायद्याची वाट बघायची गरज नाही. दुसऱ्याला पदार्थ देणारा प्रशिक्षक असेल तर नाडाच्या नियमांत त्याला चार वर्षांपासून आजन्म बंदी आहे. भावाने नाव, संदेश, पैसे दिल्याची नोंद दिली आणि त्यातून खरोखर कारवाई उभी राहिली, तर बंदीचा काही भाग, जास्तीत जास्त तीन चतुर्थांश, स्थगित ठेवता येतो. 10.8.1 चं वर्ष घेतल्यावर हे मागता येतं का, यावर वाद घालता येतो : तिथे ‘कपात’ बंद आहे, ही ‘स्थगिती’ आहे. वाद वकिलाला घालू द्या, कबुलीच्या पत्रात त्याचा उल्लेखही नको. त्याआधी घरात एकदा स्पष्ट विचारा, त्या जिमवाल्याकडे भावाला कुणी नेलं? तुमच्या पत्रात वस्ताद सहा वेळा येतात आणि या इंजेक्शनांच्या गोष्टीत एकदाही नाहीत.

खेळाडू कोट्यातल्या नोकरीचं आत्ता काढू नका. जानेवारीच्या स्पर्धेचा निकाल रद्द होईल, त्या प्रमाणपत्रावर अर्ज केला असेल तर तो आधी मागे घ्या. जुन्या प्रमाणपत्रांचं पुढे बघता येईल.

कबुलीचा मसुदा मेलला जोडलाय, सहा ओळींचा. त्यात एकही शब्द वाढवू नका, ‘गरीब शेतकरी कुटुंब’ हेही नको. सही भावाची, मेल भावाच्या स्वतःच्या पत्त्यावरून, आरोपपत्रात दिलेल्या पत्त्यावर, शनिवारच्या आत. पोच आली की मला पुढे धाडा. रविवारपर्यंत आली नाही तर सोमवारी सकाळी दहाला फोन करा. आणि ती कुपी अजून घरात असेल तर न धुता प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, वहिनींना सांगून.