माळशेज, नाणेघाट आणि निघोज : ठाण्याहून गाइडसह एका दिवसाची बस सहल घ्यावी का?

आपण विचारले आहे की, ठाण्याहून पहाटे निघून माळशेज घाट, नाणेघाट आणि निघोजचे रांजणखळगे (नदीच्या कातळात पाण्याने कोरलेले रांजणासारखे खोल खड्डे) ही तिन्ही ठिकाणे एकाच दिवसात दाखवणारी गाइडसह बस सहल आपल्या सत्तरीच्या आसपासच्या आईवडिलांना घेऊन करावी का, की स्वतःची गाडी काढावी. बस सहल जरूर करावी, परंतु तिन्ही ठिकाणे एका दिवसात बसवणारी सहल घेऊ नये, असे माझे मत आहे. आणि सहल निवडताना जाहिरातीत किती ठिकाणे आहेत यापेक्षा बसमध्ये माहिती सांगायला कोण येणार आहे, हे आधी पाहावे. मी ठाण्यातच राहतो, जुन्नरच्या परिसरात अशा सहलींबरोबर आणि स्वतःच्या गाडीनेही गेलो आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी अंतराचा हिशोब पाहू. ठाण्याहून कल्याण, मुरबाड, टोकावडे असे करत माळशेज घाट सुमारे १०० ते ११० किलोमीटर पडतो. घाट चढून ओतूरमार्गे जुन्नर आणि तिथून चावंडच्या बाजूने घाटघर, नाणेघाट हे आणखी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर होते. नाणेघाटाहून पुन्हा जुन्नरला येऊन नारायणगावमार्गे निघोज गाठायचे म्हणजे नव्वदच्या पुढे, आणि निघोजहून ठाण्याला परत येणे वेगळेच. एकूण प्रवास ४०० किलोमीटरच्या बराच वर जातो. घाट, गावातले रस्ते आणि कल्याणची वाहतूक धरली तर मोठ्या बसचा सरासरी वेग ताशी चाळीसच्या आसपास राहतो. म्हणजे दहा-अकरा तास नुसते बसून काढायचे आणि उरलेल्या वेळात नाश्ता, जेवण, स्वच्छतागृहाचे थांबे आणि तीन स्थळे उरकायची. तरुणांनाही हे जड जाते, ज्येष्ठांचे तर पाय सुजतात.

दुसरी अडचण ऋतूची आहे आणि तिचा उल्लेख जाहिरातींत सहसा सापडत नाही. माळशेजचे धबधबे आणि नाणेघाटातला वाऱ्याने वर उडणारा उलटा धबधबा हे जुलै-ऑगस्टचे दृश्य आहे. निघोजचे रांजणखळगे मात्र कुकडी नदीच्या पात्रातच आहेत, त्यामुळे नदी भरून वाहत असताना ते पाण्याखाली असतात आणि काठाजवळ जाणेही धोक्याचे असते. ते नीट पाहायचे तर पाणी उतरल्यानंतर, साधारण डिसेंबरपासून पुढे जावे. भर पावसात ‘माळशेज, नाणेघाट, निघोज’ असा एकत्र कार्यक्रम जो आखतो, त्याने निघोज एकतर पाहिलेले नाही किंवा तिथे पोहोचल्यावर आपली निराशा होईल याची त्याला फिकीर नाही.

मग गाइड कशासाठी हवा? माझ्या मते या भागात चांगल्या गाइडने डोळ्यांसमोरच्या जमिनीचा आणि पाण्याचा परस्परसंबंध उलगडून दाखवावा, कारण तो स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याला सहसा समजत नाही. माळशेज घाट चढताना कातळाचे आडवे थर एकावर एक रचलेले दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या भेगांमधून लाव्हारस पुन्हा पुन्हा बाहेर येऊन पसरत गेला आणि प्रत्येक वेळी थंड होऊन त्याचा एक थर झाला. आपल्या भागातला सह्याद्री याच काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. घाटाच्या ज्या कड्यावरून पाणी कोकणात कोसळते ते काळू नदीत जाते, काळू उल्हासला मिळते आणि उल्हास आपल्या घोडबंदरच्या बाजूच्या खाडीतून वसईला समुद्राला मिळते. त्याच कड्यापासून थोडे पूर्वेला पडलेला पाऊस मात्र कुकडीच्या खोऱ्यात उतरतो, कुकडीतून घोड नदीत, घोडमधून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. घाटमाथ्यावर बस थांबवून, दोन्ही हातांनी दोन्ही दिशा दाखवत हे कोणी सांगितले की आईवडिलांच्या वयाची माणसेही खिडकीपाशी सरकून पाहू लागतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

याच कारणाने मला नाणेघाट आणि निघोज ही जोडी फार मोलाची वाटते. कुकडी नाणेघाटाच्या अलीकडे पूर गावाजवळ, कुकडेश्वराच्या देवळापाशी उगम पावते. तिथे ती एखाद्या ओढ्याएवढीही वाटत नाही. पुढे माणिकडोह धरणातून, जुन्नर शहराजवळून आणि येडगाव धरणातून ती पूर्वेकडे जाते आणि पारनेर तालुक्यातल्या निघोजपाशी तिने कातळ कोरून ठेवलेला दिसतो. नदीच्या तळात एखादा लहानसा खोलगट भाग असतो, पुराच्या भोवऱ्यात वाहून आलेले दगडगोटे त्यात अडकतात आणि डेऱ्यात रवी फिरावी तसे गरगरत राहून भिंती आणि तळ घासत जातात. हजारो पुरांनंतर त्या खोलग्याचा रांजण होतो, शेजारचे दोन रांजण वाढत वाढत एकमेकांना भिडतात, मधली भिंत झिजून फुटते आणि पात्राचा आकारच बदलतो. हिवाळ्यात एखाद्या कोरड्या खळग्यात वाकून पाहिले तर भिंतीवर घासल्याचे गोल, गुळगुळीत वळसे दिसतात आणि तळाशी तेच दगड, आता अगदी वाटोळे झालेले, पडलेले असतात. गाइडने तो तळातला दगड दाखवून ‘हे याचेच काम’ एवढे सांगितले तरी पुरते. तो दगड उचलून घरी आणू नये, आणि गाइडने तसे बजावले तर त्याला दोन गुण अधिक द्यावेत.

नाणेघाटात निसर्गाबरोबर इतिहासही आहे, त्यामुळे तिथे निदान दीड-दोन तास हवेत. कोकणातल्या बंदरांकडून जुन्नरला येणारा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग या खिंडीतून चढत असे. वरच्या तोंडाशी दगडात कोरलेला मोठा रांजण आहे, तो जकातीचा रांजण म्हणून सांगितला जातो. खिंडीतून थोडे खाली उतरले की गुहा लागते आणि तिच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला, साधारण इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला शिलालेख आहे. त्यात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची नोंद असून संख्या अंकांत कोरल्या आहेत, आणि भारतीय अंकलेखनाच्या अभ्यासात हा लेख फार महत्त्वाचा मानला जातो. गाइड नसेल तर बहुतेक लोक गुहेत सावलीला बसून फोटो काढतात आणि त्या अक्षरांकडे पाठ करून निघून जातात. पावसाळ्यात धुके असले तर नानाचा अंगठा म्हणतात त्या घाटमाथ्यावरच्या कड्यावरून कोकण दिसतही नाही, हिवाळ्याच्या सकाळी मात्र खाली वैशाखरेपर्यंतचा मुलूख स्वच्छ दिसतो आणि शेजारी जीवधन किल्ल्याचा कडा आणि वानरलिंगीचा सुळका उभा असतो. म्हणून कोकणचे दृश्य हेच मुख्य आकर्षण असेल तर मी हिवाळाच सुचवीन.

आता बस की स्वतःची गाडी. स्वतःच्या गाडीचा फायदा उघड आहे, हवे तिथे थांबता येते. पण मुलगा गाडी चालवत असतो तेव्हा त्याचे सगळे लक्ष वळणांवर असते, परतीच्या वेळी माळशेजच्या अंधाऱ्या घाटात समोरून येणाऱ्या ट्रकांचे दिवे डोळ्यांवर येतात आणि दिवसाच्या शेवटी आईवडिलांपेक्षा तोच अधिक दमलेला असतो. आपणही सहलीचा भाग व्हावे असे वाटत असेल तर बस बरी. मात्र मोठ्या बसपेक्षा सतरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर किंवा मिनीबस पाहावी, कारण घाटघरकडचा रस्ता अरुंद आहे आणि पन्नास माणसे उतरून पुन्हा चढेपर्यंत प्रत्येक थांब्यावर अर्धा तास सहज जातो. नवी मुंबईकडून येणारी बस वाशी, ऐरोली, तीन हात नाका, माजिवडा असे प्रवासी घेत येते. पहिल्या पिक-अपला चढणाऱ्याचा तासभर शहरातच जातो, तेव्हा आपला क्रमांक कितवा आहे हे विचारून घ्यावे.

एका सहल कंपनीबरोबरचा माझा अनुभव सांगतो, नाव घेण्याची गरज नाही. पत्रकात पाच ठिकाणे होती. प्रत्यक्षात एका ठिकाणी बस रस्त्याच्या कडेला उभी करून ‘उजवीकडे पाहा’ एवढेच झाले, आणि नाणेघाटात गुहेपर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच शिट्टी वाजली. ज्यांना गाइड म्हटले होते ते सहलीचे व्यवस्थापक होते, जेवणाची ताटे मोजणे आणि माणसे मोजणे हे त्यांचे काम, आणि ते त्यांनी चोखही केले, पण खडकाबद्दल किंवा नदीबद्दल एक वाक्य कोणी ऐकले नाही. लोकांनी पैसे मोजले होते आणि वर्षातून एखादा रविवार काढून ते आले होते, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी फोन करून थेट प्रश्न विचारावेत. प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष पायउतार होऊन किती वेळ मिळेल, हा पहिला. गाइड कोण आणि तो या भागात आधी आला आहे का, हा दुसरा. निघोजला सध्या पात्रात पाणी किती आहे, असे विचारून पाहा. चांगला आयोजक लगेच सांगेल किंवा ‘गावात फोन करून कळवतो’ म्हणेल, कारण धरणातून पाणी सोडले की पावसाळा नसतानाही पात्र भरते आणि हे गावकऱ्यांनाच ठाऊक असते. जो ‘सगळे मस्त आहे, काळजी करू नका’ एवढेच म्हणतो त्याच्याकडे जाऊ नये. चालकाविषयीही अवश्य विचारावे. कायद्याप्रमाणे चालकाच्या कामाचे तास साधारणपणे दिवसाला ८ धरलेले आहेत आणि पहाटे पाचला निघून रात्री दहा-अकराला परतणारी सहल त्यात एका चालकावर बसत नाही. तोच चालक आदल्या रात्री दुसरी फेरी करून आला असेल तर घाटात आपण सगळेच त्याच्या झोपेच्या भरवशावर असतो. दोन चालक आहेत का, हा प्रश्न विचारायला संकोच करू नये.

पावसाळ्यातच जायचे ठरले, तर धबधब्यांच्या ठिकाणी जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात हे लक्षात ठेवावे, आणि ते लागू असताना ‘आपण आत नेतो’ म्हणणाऱ्या आयोजकाला साफ नकार द्यावा. माळशेजमध्ये दरडी कोसळतात. कड्याखाली बस थांबवून फोटो काढायला उतरणे हा प्रकार आईवडिलांबरोबर तर मुळीच करू नये.

ज्येष्ठांसाठी काही गोष्टी. बसमध्ये पुढच्या दोन-तीन ओळींतल्या जागा आधीच मागून घ्याव्यात, मागच्या चाकांवरच्या आणि त्यामागच्या जागांना घाटात फार हेलकावे बसतात. उलटीचा त्रास असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी घ्यावी, वळणे सुरू झाल्यावर घेऊन उपयोग होत नाही. स्वच्छतागृहासाठी मुरबाड आणि ओतूर किंवा जुन्नर असे थांबे ठरलेले आहेत का हे विचारावे, पुढे घाटघरला भरवसा धरू नये. नाणेघाटात वरच्या पठारापर्यंत वाहन जवळ जाते, पण गुहेकडे उतरताना दगडी पायऱ्या उंच-सखल आहेत, तिथे हाताला धरून न्यावे किंवा वडिलांना वरच बसवून रांजण आणि कोकणचे दृश्य दाखवावे. निघोजला खळग्यांच्या काठाला कठडा नाही आणि घासलेला कातळ निसरडा असतो. गुडघे दुखत असतील तर पात्रावरच्या पुलावरूनच पाहावे, तिथून खळग्यांचा सलग पट्टा खाली उतरलेल्या माणसापेक्षाही चांगला दिसतो. रबरी तळव्याचे बूट हवेतच, चपला नकोत.

जेवण सहलीतच धरलेले असेल तर कुठे, हे विचारा. जुन्नरच्या बाजूला मासवडी आणि बाजरीची भाकरी उत्तम मिळते, पण मासवडी तिखट असते, त्यामुळे आईवडिलांसाठी साधे वरण-भात सांगून ठेवणे बरे.

शेवटी मी काय सुचवीन, तर दोन वेगळ्या सहली. सप्टेंबरच्या अखेरीस, पाऊस ओसरत असताना आणि डोंगर हिरवे असताना, माळशेज आणि नाणेघाट एवढीच एक. डिसेंबर-जानेवारीत कुकडेश्वर आणि निघोज ही दुसरी, म्हणजे एकाच नदीचा उगम आणि तिचे कोरीवकाम एका दिवसात पाहून होते. आपल्याला एकच सहल शक्य असेल आणि आईवडिलांची प्रकृती बरी असेल तर दुसरीच निवडा. तिची स्वतंत्र जाहिरात क्वचित दिसते, पण दोन-तीन कुटुंबे मिळून टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली आणि जुन्नरमधला स्थानिक गाइड घेतला तर मार्ग आपल्या मनाप्रमाणे आखता येतो आणि डोईजड खर्चही होत नाही. निघोजहून चारच्या सुमारास निघण्याचा आग्रह धरा, म्हणजे माळशेज उतरताना निदान पूर्ण रात्र झालेली नसते आणि माजिवड्याला रिक्षा मिळण्याच्या वेळेत पोहोचता येते.