स्क्रबरच्या जाळीवर हिरवे शेवाळ का धरत नाही?

प्रश्न : माझ्याकडे २०० लिटरचे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय असून त्यात दोन क्लाउनफिश आणि काही मऊ प्रवाळ आहेत. नायट्रेट कमी व्हावे म्हणून पाच आठवड्यांपूर्वी मी शेवाळाचा स्क्रबर, म्हणजे जाळीवर शेवाळ वाढवून त्याच्याकरवी पाण्यातले नायट्रेट शोषून घेणारे साधन, बसवला. १५ सेंटीमीटर रुंद आणि २० सेंटीमीटर उंच प्लास्टिकच्या जाळीवरून ताशी ४०० लिटरच्या पंपाने पाणी सोडतो आणि एका बाजूने पांढरा एलईडी दिवा लावतो. जाळीवर तपकिरी, बुळबुळीत थर येतो आणि वाहून जातो. हिरवे शेवाळ मात्र टाकीतल्या खडकांवर वाढते. नायट्रेट २० पीपीएम (दशलक्ष भागांत २० भाग) आहे. बाहेरून शेवाळ आणून जाळीवर लावावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बाहेरून शेवाळ आणण्याची गरज नाही. आपल्या खडकांवर ते वाढते आहे, म्हणजे त्याचे बीजाणू पाण्यात आहेत, आणि नायट्रेट २० असताना त्याला खाद्य अपुरे पडते असेही म्हणता येत नाही. नव्या जाळीवर प्रथम डायटमचा (सूक्ष्म एकपेशीय शैवालाचा) तपकिरी थर येणे स्वाभाविकच असते. मात्र पाच आठवड्यांनंतरही तो निसटत असेल, तर शेवाळाला धरून राहायला जागा मिळत नाही, असे समजावे.

म्हणून सर्वप्रथम जाळी काढून तिचा पृष्ठभाग बोटाने तपासावा. भरतकामासाठी मिळणारी प्लास्टिकची जाळी मुळात गुळगुळीत असते, आणि ती दोन्ही बाजूंनी लाकडाच्या कानशीने किंवा करवतीच्या पात्याने इतकी खरवडावी लागते, की हात फिरवताना ती काटेरी लागली पाहिजे. माझ्या मते या कामात सर्वाधिक दुर्लक्ष होते ते याच गोष्टीकडे.

दुसरी उणीव प्रवाहाची आहे. जाळीच्या प्रत्येक सेंटीमीटर रुंदीला ताशी सुमारे ५० लिटर पाणी हवे, म्हणजे आपल्या जाळीला ताशी ७५० लिटर. आणि तेही पंपावर छापलेले नव्हे, तर वर चढून प्रत्यक्ष जाळीवर पडणारे. या पद्धतीचा पाया घालणारे स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी, ज्यांना १९८२ मध्ये तिचे अमेरिकी पेटंट मिळाले, प्रवाळभित्तीवर लाटांच्या माऱ्यात वाढणाऱ्या आखूड शेवाळावरूनच तिची कल्पना घेतली आणि जाळीवर पाणी लाटेसारखे यावे म्हणून ठरावीक वेळाने आपोआप उलटणारी बादली वापरली. आपल्या धबधब्यात लाट नसल्यामुळे पाण्याचा पडदा तरी अखंड आणि दाट असायला हवा.

प्रकाशाबाबत खडक आणि जाळी यांच्यात सरळ स्पर्धा असते, आणि आज ती खडक जिंकत आहेत. जाळीला दोन्ही बाजूंनी, अगदी जवळून, ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश द्यावा. सुरुवातीला रोज नऊ-दहा तास, आणि हिरवी वाढ दिसू लागल्यावर हळूहळू सोळा तासांपर्यंत. दिवे बहुतांशी रात्री लावल्यास शेवाळ त्या वेळी कार्बन डायऑक्साइड शोषते आणि टाकीचा पीएच रात्री फारसा घसरत नाही. उडणाऱ्या खाऱ्या पाण्यापासून दिव्याचे आणि जोडण्यांचे रक्षण मात्र अवश्य करावे.

जाळीचा आकार टाकीच्या लिटरांवरून नव्हे, तर आपण रोज घालत असलेल्या खाद्यावरून ठरवावा. गोठवलेल्या खाद्याच्या रोजच्या एका चौकोनी तुकड्यासाठी, दोन्ही बाजूंनी उजळलेली सुमारे ७५ चौरस सेंटीमीटर जाळी पुरते. दोन क्लाउनफिशसाठी ३०० चौरस सेंटीमीटर ही गरजेपेक्षा बरीच मोठी आहे, आणि तेवढ्याच दिव्याचा प्रकाश तिच्यावर विरळ पसरतो. उंची निम्मी केली तरी चालेल.

वाढ जाड झाली, की साधारण सात ते दहा दिवसांनी जाळी काढून गोड्या पाण्याखाली खरवडावी, म्हणजे शेवाळ खाणारे बारीक जीवही निघून जातात. पण तळाशी चिकटलेला पातळ थर पुढच्या वाढीसाठी राहू द्यावा. वाढ काळपट आणि चिकट असेल तर प्रकाश कमी पडतो आहे, पिवळट आणि रबरासारखी असेल तर तो खाद्याच्या मानाने जास्त आहे, असे समजून तास बदलावेत. फॉस्फेट शोषणारे दाणे सोबत वापरत असाल, तर तूर्त बंद ठेवावेत, कारण ते शेवाळाच्या तोंडचा घास काढतात. नायट्रेट २ पीपीएमच्या खाली जाऊ लागले, की दिव्याचे तास पुन्हा कमी करावेत. आपल्या मऊ प्रवाळांनाही थोडे नायट्रेट लागते.