वाचक विचारतात : श्रीवर्धनची वाडी, पेशवे आणि हरिहरेश्वरची ओहोटी

प्रश्न : निसर्ग वादळात श्रीवर्धनची आमची सुपारीची वाडी झोपली. नवी रोपं दर उन्हाळ्यात करपतात. पाणी तर नियमित देतो. चुकतंय कुठे?

उत्तर : सावलीत. ३ जून २०२० च्या वादळात पोफळींबरोबर (म्हणजे सुपारीच्या झाडांबरोबर) माड-आंबेही गेले आणि वाडी उघडी पडली. आता दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन थेट कोवळ्या खोडावर येतं. खोड भाजून चिरतं आणि पुढे वाऱ्यात पोफळ नेमकी तिथेच मोडते. म्हणून आधी केळी लावा, दक्षिण-पश्चिमेला जरा दाटच. केळीनं सावली धरली की दीडेक वर्षाची रोपं २.७ मीटर अंतरावर लावा. पावसाचं पाणी साचू देऊ नका, चर हवेतच. पीक यायला सहा-सात वर्षं लागतात; आधी देतो म्हणणाऱ्या रोपवाल्यापासून लांब राहा.

धरत्या झाडांना कोळेरोगासाठी, म्हणजे पावसात फळं कुजून गळतात त्यासाठी, बोर्डो मिश्रण : मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या पिंपात वेगवेगळं भिजवा, मग एकत्र करा. घासलेला विळा बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. पहिली फवारणी पावसाआधी शिपुटांवर (सुपारीच्या घोसांवर), दुसरी ४०-४५ दिवसांनी, उघडीप साधून.

प्रश्न : श्रीवर्धन पेशव्यांचं गाव, मग तिथे मोठा वाडा का नाही?

उत्तर : भटांकडे, म्हणजे पेशव्यांच्या घराण्याकडे, इथली देशमुखी होती, तीही जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलात. बाळाजी विश्वनाथ घाटावर गेले आणि १७१३ मध्ये पेशवे झाले. वैभव पुण्यात उभं राहिलं. इथे पेशवे स्मारक आणि लक्ष्मीनारायण मंदिर पाहा. येताना इथली रोठा जातीची सुपारी घ्या, पण एक फोडून बघून : पांढरा गर जास्त, तपकिरी रेषा कमी.

प्रश्न : हरिहरेश्वरची प्रदक्षिणा किती वाजता करावी?

उत्तर : ओहोटीलाच, कारण वाट समुद्रालगतच्या कातळावरून जाते. तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे ओहोटी नऊच्या सुमारास. अष्टमीला ओहोटी बाराला. ओहोटीच्या तासभर आधी पायऱ्या उतरा, पाणी फिरायच्या आत वळसा पूर्ण होतो. शेवाळलेल्या कातळावर पाय ठेवू नका, आणि पावसाळ्यात हा बेत सोडाच. भरती असेल तर आधी श्रीवर्धन उरका.