पहिल्या पानावरची पेन्सिल

कोल्हापूर

चि. भाचीस मामाचे अनेक आशीर्वाद.

पुण्यात अभ्यासिकेत बसून तू राज्यघटनेच्या पुस्तकाआड खुनाच्या कादंबऱ्या वाचतेस, हे तुझ्या आईला कळलं आणि तिनं मला फोन केला. पाठोपाठ तुझा मेसेज आला, ‘मामा, मी असलं वाचालोय ते वाया चाललंय का?’ उत्तर मेसेजमध्ये मावेना म्हणून कागद घेतला.

वाया जात नाही. आईला मी समजावतो. पण तू वाचतेस ती पद्धत मला पटली नाही. ‘एका रात्रीत संपवलं, खुनी निम्म्यातच ओळखला’ असं ऐटीत लिहिलंयस. खुनी ओळखणं ही त्यातली सगळ्यात स्वस्त मजा गं.

मी उभी नोकरी न्यायालयात काढली, निवृत्त झालो शिरस्तेदार म्हणून. खऱ्या खुनाचे कागद टेबलावरून जायचे. त्यात रहस्य जवळपास नसतंच. बांध कोरला, उसाच्या पाण्याची पाळी चुकवली, गुत्त्यावर शब्दाला शब्द लागला. मारलं कुणी हे गावाला संध्याकाळीच माहीत असतं. पुढची वर्षं जातात ते शाबीत करण्यात, आणि ऐनवेळी साक्षीदार फितूर होतो. आता खुनाचं कलम 302 चं 103 झालं, बाकी सगळं तसंच. त्या गठ्ठ्यात मी चवीनं वाचायचो तो फक्त पंचनामा. ‘मयताच्या उजव्या पायात चप्पल, डावी उंबऱ्याबाहेर पालथी.’ लिहिणाऱ्या हवालदाराला त्या चपलेचं पुढं काय होणार ते ठाऊक नसतं; दिसली म्हणून लिहिली. चांगला रहस्यलेखकही तेवढंच लिहितो, फक्त त्याला चपलेचं सगळं ठाऊक असतं. तो ती चहाचा कप आणि मांजर यांच्या मध्ये ठेवून देतो, आणि तू मांजराकडं बघत पान उलटतेस.

हे बघायचं असेल तर अगाथा ख्रिस्तीबाईंकडं जा. पहिल्या महायुद्धात बाई रुग्णालयाच्या औषध विभागात काम करायच्या. 1920 साली पहिली कादंबरी आली त्यात विष आहे स्ट्रिक्नीन, म्हणजे आपल्या वैद्यांच्या कुचल्यातलं. मात्रा, चव, किती वेळानं लागू पडतं, सगळं चोख. या बाईचं विष ऐकीव नव्हतं.

मग बाईंचीच गुप्तहेर मिस मार्पल घे. 1930 साली तिची पहिली कादंबरी आली. विणकाम करणारी, लग्न न केलेली म्हातारी, सेंट मेरी मीड नावाचं खेडं, चर्च, बागा, चहा. खून होतो पण रक्त फारसं दिसत नाही. समोरचा माणूस आपल्या गावातल्या कुणासारखा वागतोय ते आठवायचं, एवढंच तिचं शास्त्र. मंगळवार पेठेत वाढलेल्या पोरीला हे फोड करून सांगायला नको. पाहुण्यांना पांढरा रस्सा झाला की नुसत्या चहावर बोळवण झाली, यावरून सोयरीक जमली की मोडली हे आपल्या गल्लीतल्या काकू कट्ट्यावरून सांगतात, आणि सहसा चुकत नाहीत. या प्रकारच्या कादंबऱ्यांचा जीव त्या भोचकपणात आहे. हल्ली बेकरी, मांजर आणि एक खून असा तयार संच मिळतो, त्यातलं बरंचसं मला गुळमट लागतं. तिथं कुणी कुणाकडं नीट बघतच नाही.

आता पेन्सिलीची गोष्ट. ख्रिस्तीबाईंच्या 1926 च्या ‘रॉजर ॲक्रॉइड’ची वाचनालयातली प्रत उघडली (कुठलं वाचनालय ते विचारू नको), तर पहिल्याच पानावर कुणी महाभागानं खुन्याचं नाव लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. शिव्या घातल्या आणि तरीही वाचायला बसलो. नाव माहीत, त्यामुळं पळायची घाई नाही. मग दिसायला लागलं की बाई वाक्य कुठं तोडतात, कुठल्या दहा मिनिटांवरून अलगद पुढं सरकतात. खोटं एकही लिहिलेलं नाही. ही फसवणूक आहे अशी त्या काळी ओरड झाली होती. मला ती ओरड साफ नामंजूर. म्हणून सांगतो, आवडलेली एक कादंबरी परत पहिल्यापासून वाच, खुनी माहीत असताना.

या खेळाला नियमही होते. रोनाल्ड नॉक्स नावाच्या धर्मगुरूनं 1929 साली दहा कलमं लिहिली: गुप्तहेरानं सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही, चोरवाट एकापेक्षा जास्त चालणार नाही, वगैरे. ही कलमं आपल्या बाबूराव अर्नाळकरांना लावायला जाऊ नको. हजारावर पुस्तकं लिहिलेला माणूस तो. त्यांचे नायक झुंजार आणि काळा पहाड वाचायचे ते वेगासाठी, वेषांतरासाठी. तुझ्या आजोबांच्या उशाखाली तीच असायची.

आणि मग काळा विनोद. 1931 साली फ्रान्सिस आइल्स या टोपणनावानं ‘मॅलिस अफोरथॉट’ आली. डॉक्टरनं बायकोला मारायचं ठरवलंय हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंय. खेडं तसंच, चहा तसाच, वर टेनिसची पार्टी. मग राहिलं काय? डॉक्टर सापडतो की काय, ही धाकधूक. ती तुला त्याच्या बाजूनं वाटायला लागते. तू हसत असतेस, आणि मध्येच लक्षात येतं की आपण कुणासाठी देव पाण्यात घातलेत! रोआल्ड डालची ‘लॅम्ब टू द स्लॉटर’ ही 1953 ची छोटी कथाही याच वळणाची. तिच्याबद्दल एवढंच सांगतो, मटणाच्या दिवशी जेवणाआधी वाचू नको. यातही भुसा पुष्कळ आहे. नुसती प्रेतं पाडून खिदळणारं पुस्तक हाती लागलं तर खुशाल खाली ठेव. माणसं खरी असतील तरच तिथं हसू येतं.

वाचताना एक कर. दोन तृतीयांश पुस्तक झालं की थांब. संशयित कोण आणि कशावरून, ते जुन्या एसटीच्या तिकिटामागं लिही आणि मग पुढं जा. ‘कशावरून’ महत्त्वाचं, नुसत्या नावाला न्यायालयातही कुणी विचारत नाही. आणि अभ्यासिकेत नको, खोलीवर, रात्री. दिवसा राज्यघटनाच वाच, मी आईला तसा शब्द दिलाय.

सोबत ओयिंकन ब्रेथवेटची 2018 ची कादंबरी पाठवतोय. नायजेरियातलं लागोस शहर, दोघी बहिणी. धाकटी मित्रांना मारते, नर्स असलेली थोरली निमूट फरशी पुसते. प्रकरणं चिमुकली आहेत, पण एका बैठकीत उरकू नको. थोरलीचं बरोबर की चूक यावरून तुझी मामी आणि मी अजून भांडतोय. मामी म्हणते, बहीण आहे, करणार काय? दिवाळीला येशील तेव्हा तुझं मत तयार ठेव. मामी तुला आधीच तिच्या बाजूला धरून बसलीय.

तुझा
मामा