नागपूरच्या कामगार चळवळीतून देशाच्या राजकारणात गेलेला नेता कोण?

माझ्या मते एकच नाव : ए. बी. बर्धन. नावावरून बंगाली वाटतात, आणि जन्माने होतेच (१९२४), पण घडले ते नागपुरात. नागपूर विद्यापीठात विद्यार्थी नेते होते, मग कामगारांत उतरले. एम्प्रेस मिल १८७७ पासूनची, त्यामुळे गिरणी कामगारांची इथं पिढ्यान् पिढ्यांची वस्ती. पण बर्धन कापड गिरण्यांपुरते राहिले नाहीत. वीज, रेल्वे, संरक्षण कारखाने, सगळीकडे त्यांनी युनियनचं काम केलं.

१९५७ मध्ये नागपुरातून अपक्ष म्हणून ते विधानसभेवर निवडून आले. तेव्हा महाराष्ट्र व्हायचा होता, राज्य होतं द्विभाषिक मुंबई. लोकसभेला मात्र १९६७ आणि १९८० दोन्ही वेळा पडले. मोर्चात मागे चालणारा माणूस मत देताना जात, पक्ष, लाट असं बरंच काही बघतो. युनियनच्या पुढाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

तरी खासदारकीवाचून त्यांचं काही अडलं नाही. आयटक या देशपातळीवरच्या कामगार संघटनेचे सरचिटणीस झाले. १९९६ ला इंद्रजित गुप्त केंद्रात गृहमंत्री झाल्यावर भाकपचं (भारतीय कम्युनिस्ट पक्षाचं) सरचिटणीसपद बर्धन यांच्याकडे आलं, ते २०१२ पर्यंत. २००४ ला डाव्यांच्या बाहेरून पाठिंब्यावर काँग्रेसच्या नेतृत्वाखालचं यूपीए सरकार उभं राहिलं, त्या वाटाघाटींत ते पुढे होते. २००८ ला अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून पाठिंबा काढणाऱ्यांतही होतेच. २ जानेवारी २०१६ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं.