तुमचे प्रश्न: हा बिबट्या की जॅग्वार?

प्रश्न: आमची बिल्डिंग आरेच्या जंगलाला लागूनच, त्यामुळे सीसीटीव्हीत बिबट्या दिसणं आम्हाला नवीन नाही. परवा फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ आला, त्यात सेम तसाच बिबट्या नदीत उडी मारून मगर ओढून नेतो. सहावीतला मुलगा म्हणतो आई हा जॅग्वार आहे. मला तर दोघं सारखेच दिसतात!
– एक वाचक, गोरेगाव पूर्व

उत्तर: ताई, पोरगा बरोबर बोलतोय, माझ्याकडून त्याला एक वडापाव. व्हिडिओ पॉज करून अंगावरचे ठिपके झूम करा. बिबट्याची काळी कडी आतून रिकामी असतात, जॅग्वारची मोठी आणि बऱ्याच कड्यांच्या आत पुन्हा बारीक ठिपके. मग डोकं बघा, एकदम रुंद, जबडा भक्कम, पाय आखूड, शेपूटही तोकडी. ब्राझीलच्या पांतानाल दलदलीतले नर तर १०० किलोच्या वर जातात, बिबट्या बिचारा ५०-७० किलोचा.

आणि ती मगर म्हणजे केमन, आपल्या मगरीची तिकडची भावकी. जॅग्वार काठावरच्या झाडीत दबा धरून बसतो, गुपचूप पाण्यात उतरतो, पोहत मागून जातो आणि थेट कवटीत सुळे रुतवतो. वाघ-बिबटे मोठ्या जनावराचा गळा धरून श्वास कोंडतात, हा बरेचदा डोकंच फोडतो, कासवाची पाठसुद्धा याच्यापुढे टिकत नाही. पाण्याचं तर त्याला काहीच वाटत नाही, आपल्या म्हशीसारखा खुशाल डुंबतो.

बिबट्या शिकार झाडावर नेतो कारण बऱ्याच जंगलांत खाली वाघ, तरस असे हिसकावणारे असतात. जॅग्वारला तिकडे वरचा दादाच नाही, त्यामुळे झाडीत ओढून नेतो आणि निवांत खातो. पण आपल्या बिबट्यासारखं भटकी कुत्री खाऊन बिल्डिंगांच्या कडेकडेने राहणं त्याला जमत नाही, त्यात आपलाच नंबर पहिला! मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत तो आहे खरा, पण जंगल तुटलं की तिथून जातो.

मुलगा आता ब्लॅक पँथरबद्दल विचारणार म्हणून सांगून ठेवतो, ती वेगळी जात नाही, काळ्या जॅग्वारला किंवा काळ्या बिबट्यालाच तसं म्हणतात. जॅग्वारमध्ये आईबापांपैकी एक काळा असला तरी पिल्लू काळं होऊ शकतं, बिबट्यात मात्र तो जीन दोघांकडून यावा लागतो. कोकणात अधूनमधून दिसतो तो काळा बिबट्याच, ऊन तिरपं पडलं की त्याच्याही अंगावर ठिपके दिसतात.