दुःखात बायबल उघडताय? स्तोत्र १३ पासून सुरुवात करा

उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून ओळीने वाचायला घेऊ नका. नवखे वाचक बहुतेक लेवीय या नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकापाशी अडकतात आणि दोष स्वतःला देतात. तूर्त स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधलं प्रार्थनागीतांचं पुस्तक, पुरे, त्यातही आधी स्तोत्र १३. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत तक्रार आहे, “किती काळ” हा प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. आठवडाभर रोज तेच मोठ्याने वाचा, मग वहीत याच क्रमाने स्वतःच्या तीन ओळी लिहा. तिसरी ओळ खरी वाटत नसेल तर कोरी ठेवा. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरीही ते प्रार्थनाच आहे.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- रडणं म्हणजे अविश्वास समजणं. येशूने वधस्तंभावर स्तोत्र २२ चाच आक्रोश केला.
- डोळे मिटून पान उघडणं आणि दिसेल ते वचन कौल मानणं.
- झोप-जेवण सोडून प्रार्थना. १ राजे या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात खचलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूत आधी भाकर-पाणी देतो, दोनदा. डॉक्टरांची औषधंही बंद करू नका.
- एकट्याने सोसणं. पाळकांना किंवा फादरना सांगा. मंडळीत कुणी “तुझ्याच पापाचं फळ” म्हणालं, तर बायबलमधल्या दुःखी ईयोबाला हेच सुनावणाऱ्या त्याच्या मित्रांनाही देवाने त्यांच्या बोलण्याबद्दल खडसावलं होतं, हे लक्षात असू द्या.

ईयोबाचा अख्खा ग्रंथ मात्र आत्ता नको. स्तोत्र १३ नंतर ४२ घ्या, मग १३०.